साखरेतली ऊर्जा पेशी काढते कशी? ३८ की ३२ एटीपी, आणि ऑक्सिजन नक्की करतो काय?

दहावीचा_बाप:
नमस्कार मंडळी, मुलगी यंदा दहावीला आहे, विज्ञानातला पेशीस्तरावरच्या श्वसनाचा धडा दोघं मिळून वाचतोय. मी कॉमर्सवाला, त्यामुळे ग्लुकोज-विघटन, क्रेब चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी ही नावं तिच्याकडून घोकून घेण्यापलीकडे माझी मजल जात नाही. ती घोकते पण मधेच काहीतरी विचारते आणि मी गप्प. तर तिचेच प्रश्न इथे टाकतो.

एक, साखर विस्तवात टाकली की काळी पडते, धूर होतो, पेटते. पेशीत पण "ग्लुकोजचं ज्वलन" होतं म्हणतात, मग अंगाला चटका कसा बसत नाही? दोन, समीकरणात (एक ग्लुकोज अधिक सहा ऑक्सिजन, त्यातून सहा कार्बन डायऑक्साइड म्हणजे सीओटू, सहा पाणी आणि ऊर्जा) सहा ऑक्सिजन लिहिलेत पण आकृत्या बघितल्या तर ग्लुकोज-विघटनात ऑक्सिजन नाही, क्रेब चक्रात नाही, एकदम शेवटी कोपऱ्यात येतो. मग कोपऱ्यातल्या गोष्टीसाठी माणूस काही मिनिटांत जातो ते का? तीन, पुस्तकात एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी (पेशी ज्या रेणूत ऊर्जा भरून वापरते तो), क्लासच्या नोट्समध्ये ३० ते ३२, भाच्याच्या नीटच्या गाईडात ३६. पेपरात काय लिहायचं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

बायोकेम_मावशी:
लेकीला शाबासकी द्या, दुसरा प्रश्न एमएस्सीची मुलंसुद्धा विचारत नाहीत, ती समीकरण लिहून मोकळी होतात.

पहिल्यापासून घेते. ऊर्जेचा हिशोब बघितला तर विस्तवात जाळा नाहीतर पेशीत, एक मोल म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोजमधून तेवढीच सुटते, साधारण २८७० किलोज्यूल. फरक आहे तो कशा पद्धतीने सुटते त्यात. विस्तवात सगळी एका झटक्यात उष्णता होऊन जाते. पेशीत एन्झाइमं त्या रेणूवर एकेक छोटी करामत करत जातात, नुसत्या ग्लुकोज-विघटनातच दहा पायऱ्या आहेत, आणि अधूनमधून एखाद्या पायरीवर रेणूतले दोन इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. ते घ्यायला एनएडी नावाचा रेणू उभा असतो, इलेक्ट्रॉन घेतले की तो झाला एनएडीएच. हे इलेक्ट्रॉन काढणं म्हणजेच ज्वलन, फक्त हप्त्याहप्त्याने. (हा एनएडी शरीर बी३ व्हिटॅमिनपासून बनवतं, आणि इलेक्ट्रॉन घेणारा तसाच दुसरा रेणू एफएडी बी२ पासून, तो भरला की एफएडीएचटू. बी कॉम्प्लेक्सच्या गोळीत स्वतःची ऊर्जा काही नसते, पण ही मंडळी नसली तर साखर असून उपयोग नाही.)

आता गंमत बघा, ग्लुकोज-विघटनाची सुरुवातच खर्चाने होते. पेशी पदरचे दोन एटीपी घालते. ग्लुकोजला फॉस्फेट चिकटवला की तो पेशीच्या पटलातून परत बाहेर जाऊ शकत नाही, आणि दुसऱ्या फॉस्फेटनंतर त्याचे दोन सारखे तुकडे पाडता येतात. पुढे चार एटीपी मिळतात, म्हणजे निव्वळ दोन. सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन पायरुविक आम्लाचे रेणू झाले. हे सगळं पेशीद्रव्यात, तंतुकणिकेचा (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतला ऊर्जा काढणारा कप्पा) अजून संबंधच नाही.

पायरुविक आम्ल तंतुकणिकेत गेलं की एक कार्बन सीओटू होऊन सुटतो आणि उरलेला दोन कार्बनचा तुकडा, ॲसेटिल-को-एन्झाइम-ए, क्रेब चक्रात शिरतो. चक्राच्या एका फेरीत दोन सीओटू. म्हणजे ग्लुकोजचे सहाच्या सहा कार्बन इथपर्यंत संपले, साखर नावाची वस्तू शिल्लक नाही, आणि एटीपी किती झाले? ग्लुकोज-विघटनाचे दोन आणि चक्राचे दोन. चार! मग ऊर्जा गेली कुठे? ती सगळी एनएडीएच आणि एफएडीएचटू यांच्याकडच्या इलेक्ट्रॉनांत आहे. हे मुलीला नीट समजलं की बाकीचा धडा आपोआप सुटतो असं माझं मत.

हान्स क्रेब्स यांनी हे चक्र १९३७ मध्ये शेफील्डला असताना मांडलं, कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा करून त्यावर प्रयोग केले होते, कारण उडणाऱ्या पक्ष्याचा तो स्नायू प्रचंड ऑक्सिजन खातो. त्यांचं टिपण नेचर मासिकाने जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं, १९५३ ला त्याच कामावर नोबेल. पेपर परत आला म्हणून रडणाऱ्या पीएचडीवाल्यांना मी हे हमखास सांगते.

ऑक्सिजनचं रात्री लिहिते, कुकर लावायचाय.

घाटपळ्या:
मावशी भारी. मी पळणारा माणूस म्हणून थोडी भर. ऑक्सिजन पुरत नाही तेव्हा पायरुविक आम्ल पुढे न जाता त्याचं लॅक्टिक आम्ल होतं, हे पुस्तकात आहे, पण का होतं ते नाही. एनएडी मोजकाच असतो. सगळा एनएडीएच होऊन बसला आणि पुढे इलेक्ट्रॉन घ्यायला कोणी नसलं तर ग्लुकोज-विघटनसुद्धा बंद पडणार, मग ते दोन एटीपीपण गेले. म्हणून पायरुविक आम्लावरच इलेक्ट्रॉन टाकून एनएडी मोकळा करून घ्यायचा, त्याचं लॅक्टेट होतं. यीस्ट तेच काम अल्कोहोल करून करतं, आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीचं होतं ते हेच. अल्कोहोल काय आणि लॅक्टेट काय, ते बनवणं हा हेतू नाही, एनएडी सोडवणं हा हेतू.

आणि एक गैरसमज, सिंहगड चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात ते लॅक्टिक ॲसिडमुळे असं जिममध्ये अजूनही सांगतात. लॅक्टेट तर व्यायाम थांबल्यावर तासाभरात बऱ्यापैकी निघून जातं, काही लिव्हरमध्ये जाऊन परत ग्लुकोज होतं, काही हृदय आणि बाकीचे स्नायू वापरून टाकतात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते त्याचं, उतरताना जास्त होते, चढताना कमी. ज्याला पटत नसेल त्याने एकदा नुसतं उतरून बघावं.

दहावीचा_बाप:
वा, मुलीला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न तयार: आपण जो सीओटू सोडतो त्यातला ऑक्सिजन म्हणजे आपण श्वासात घेतलेलाच ना? मी हो म्हणून टाकलं.

बायोकेम_मावशी:
नाही हो काका, तिथेच समीकरण फसवतं. सीओटू सुटतो तो पायरुविक आम्लातून आणि क्रेब चक्रातून, आणि तिथे श्वासातला ऑक्सिजन नसतोच, तुम्हीच वर लिहिलंत. सीओटूमधला ऑक्सिजन येतो ग्लुकोजमधून आणि चक्रात वापरल्या जाणाऱ्या पाण्यातून. श्वासातला ऑक्सिजन जातो पाण्यात. समीकरणात उजवीकडे सहा पाणी लिहिलंय ना, आपण घेतलेल्या श्वासाचं तिथे पाणी होतं.

आता तो कोपरा. तंतुकणिकेला दोन पटलं, आतलं पटल घड्याघड्यांचं. त्या आतल्या पटलात प्रथिनांचे चार मोठे गट बसलेत. एनएडीएच पहिल्याला इलेक्ट्रॉन देतो, तिथून ते तिसऱ्याकडे सरकत चौथ्याकडे जातात (दुसरा गट एफएडीएचटूच्या इलेक्ट्रॉनांसाठी), आणि चौथ्याच्या तोंडाशी ऑक्सिजन. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनांची हाव जबर, तो ते घेतो, आजूबाजूचे प्रोटॉन घेतो आणि पाणी होतो. त्याचं काम एवढंच, पण तो नसेल तर चौथ्या गटातले इलेक्ट्रॉन अडकले, मग तिसऱ्यातले अडकले, मग एनएडीएच भरलेलाच राहिला, मग क्रेब चक्राला रिकामा एनएडी मिळेना, ते थांबलं. शेवटच्या टोकाला बूच बसलं की पार मागपर्यंत सगळं ठप्प. मेंदूकडे साठा जवळजवळ नसतो त्यामुळे तो आधी जातो.

सायनाइडने माणूस मरतो तो ह्याच जागेवर. सायनाइड चौथ्या गटाला चिकटतं. फुप्फुसं चालू, रक्तात ऑक्सिजन भरपूर, इतका की शिरांतलं रक्तसुद्धा लालभडक दिसू शकतं कारण पेशींनी तो घेतलेलाच नसतो.

वीजवाला:
इथे मी उडी मारतो, कारण पुढचा भाग माझ्या खात्यातला आहे. इलेक्ट्रॉन त्या गटांमधून खाली खाली जाताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर एटीपी थेट बनत नाही. ती ऊर्जा वापरून पहिला, तिसरा आणि चौथा गट प्रोटॉन आतल्या बाजूकडून दोन पटलांमधल्या फटीत पंप करतात. फटीत प्रोटॉन तुंबले की त्यांना परत आत यायचं असतं पण पटल येऊ देत नाही, वाट एकच, एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन. कोयनेच्या शिवसागरात पाणी अडवलं, पोफळीला सोडलं, टर्बाइन फिरलं, तसंच. आणि हे म्हणायला म्हणून फिरणं नाही, ते प्रथिन खरोखर गरगर फिरतं, सेकंदाला शंभरच्या वर फेऱ्या. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या दांडीला एक चमकणारा धागा चिकटवला आणि तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली चक्क बघितला. त्याच वर्षी ह्या प्रथिनावर बॉयर आणि वॉकर यांना नोबेल.

ही प्रोटॉन अडवण्याची कल्पना पीटर मिचेल यांची, १९६१ ची. तेव्हा बहुतेक लोकांनी वेड्यात काढलं होतं, कारण सगळेजण इलेक्ट्रॉन आणि एटीपीच्या मधला कुठलातरी रासायनिक पदार्थ शोधत होते आणि तो सापडत नव्हता, सापडणार कसा, नव्हताच तो. मिचेल यांनी पुढे विद्यापीठ सोडून कॉर्नवॉलमधलं एक जुनं घर दुरुस्त करून तिथेच प्रयोगशाळा थाटली आणि १९७८ मध्ये एकट्याने नोबेल घेतलं.

चिकित्सक_चिंतू:
@वीजवाला, कोयनेची उपमा छान पण अर्धीच बरोबर. धरणात फक्त पाण्याच्या उंचीचा फरक, इथे प्रोटॉनच्या संख्येचा फरक आहे आणि प्रोटॉनला धन प्रभार असतो म्हणून व्होल्टेजचाही फरक आहे, आणि तंतुकणिकेत जोर मुख्यतः व्होल्टेजचाच. आकडा लहान वाटतो, साधारण १५० मिलिव्होल्ट. पण पटलाची जाडी बघा, पाच-सहा नॅनोमीटर. भागाकार केलात तर मीटरला अडीच-तीन कोटी व्होल्ट येतात. कोरडी हवा मीटरला साधारण तीस लाख व्होल्टला फुटते आणि ठिणगी पडते. म्हणजे हवेत ठिणगी पडेल त्याच्या आठ-दहापट ताण ते पटल आयुष्यभर सहन करतं.

वीजवाला:
मान्य. आमच्या खात्यात असं इन्सुलेशन मिळालं तर पावसाळ्यात फोन उचलायला मी तयार आहे.

बारक्या_जिमवाला:
एक शंका, मग ते पटल थोडं गळकं केलं तर? साखर आणि चरबी जळत राहणार पण एटीपी कमी, म्हणजे वजन उतरणार ना?

बायोकेम_मावशी:
बारक्या, तुझ्या आधी लोकांनी करून झालंय. डीएनपी नावाचं रसायन नेमकं हेच करतं, प्रोटॉन पटलातून चोरवाटेने आत आणून सोडतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत वजन कमी करायला लोक ते सर्रास घेत होते. वजन उतरायचं, पण एटीपीऐवजी सगळी उष्णता, त्यामुळे घाम, ताप, आणि मात्रा थोडी वर गेली की ताप उतरवता येत नाही, आतल्या आत भाजून माणसं मेली, मोतीबिंदू झाले. १९३८ मध्ये तिथे ते माणसांना देणं बंद झालं. अजूनही फॅट बर्नर म्हणून ऑनलाइन विकतात, अजूनही लोक मरतात. तुझ्या जिममध्ये पिवळी पावडर कोणी देत असेल तर लांब राहा.

शरीर स्वतः मात्र हे शहाणपणाने करतं. तान्ह्या बाळांना कुडकुडता येत नाही, त्यांच्या पाठीत, खांद्याजवळ तपकिरी चरबी असते, तिथल्या तंतुकणिकांत प्रोटॉन सोडायला मुद्दाम ठेवलेलं एक प्रथिन असतं. गरज पडली की तेच उघडतं, बाळ ऊबदार.

गणिती_गोखले:
३८ चं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मोजणी अशी: एका ग्लुकोजमागे एकूण १० एनएडीएच आणि २ एफएडीएचटू मिळतात, शिवाय थेट ४ एटीपी. जुन्या पुस्तकांत एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएचटूमागे २ एटीपी धरायचे, म्हणजे ३० अधिक ४ अधिक ४, झाले ३८. त्यात पेशीद्रव्यातले दोन एनएडीएच स्वतः तंतुकणिकेत शिरू शकत नाहीत, त्यांचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणामार्फत पाठवावे लागतात, ती वाट महाग पडली तर दोन एटीपी कमी, म्हणून ३६. भाच्याचं गाईड तिथून.

पण हे ३ आणि २ पूर्णांकच असायला हवेत असं काही नाही. एका एनएडीएचमागे साधारण १० प्रोटॉन पंप होतात आणि एक एटीपी बनवून पटलाबाहेर पोचवायला साधारण ४ लागतात (त्यातला एक प्रोटॉन फॉस्फेट आत आणण्याच्या वाहतुकीत जातो). म्हणून २.५. एफएडीएचटूचे इलेक्ट्रॉन पहिला गट चुकवून मधे शिरतात, त्यांचे ६ प्रोटॉन, म्हणून १.५. आता मोजा: २५ अधिक ३ अधिक ४, ३२. महाग वाटेने ३०. क्लासच्या नोट्स बरोबर आहेत.

पेपरात? बोर्डाच्या पेपरात बोर्डाचं पुस्तक सांगेल तेच लिहायचं, ३८. तपासणाऱ्याशी वाद घालायला आपण तिथे नसतो.

जाता जाता, ३२ एटीपी धरले तरी पुस्तकी हिशोबाने ग्लुकोजच्या ऊर्जेतला साधारण ३४ टक्के भागच एटीपीत येतो, बाकी उष्णता. म्हणजे पहिल्या प्रश्नातला चटका अगदीच बसत नाही असं नाही, तो सगळ्या अंगभर वाटला जातो आणि आपण त्याला ३७ डिग्री म्हणतो.

भीमावरमकर:
एटीपी एटीपी चाललंय तर त्याच्या शोधात एक आपला माणूस आहे हे लिहायला हवं. येल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म १८९५ चा, आंध्रातल्या भीमावरमचे. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत काम करत होते. १९२९ मध्ये जर्मनीत लोमान यांना आणि इकडे फिस्के-सुब्बाराव यांना स्वतंत्रपणे एटीपी सापडला. धड्यात एक ओळ यायला हरकत नव्हती.

बायोकेम_मावशी:
धड्यात नसतील पण लॅबमध्ये आहेत. फॉस्फेट मोजायची फिस्के-सुब्बाराव पद्धत १९२५ ची, आमच्याकडे प्रॅक्टिकलला अजून लावतात. मॉलिब्डेट घाला, वरून तो रिड्यूसिंग एजंट, आणि परीक्षानळीत हळूहळू निळा रंग चढत जातो, जितका फॉस्फेट तितका गडद. वेळ पाळली नाही की रंग पुढे सरकतो आणि मुलांचे आलेख वाकडे येतात.

कृष्णाकाठ:
इतकं सगळं वाचून एक विचारतो. आमच्याकडे जुन्या वाड्यात ज्वारीचं पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) होतं. पेव उघडलं की लगेच कोणाला उतरू देत नसत, तोंड मोकळं ठेवून हवा खेळू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही. बिनाहवेची बंद जागा म्हणून असं ऐकलं होतं. हा श्वसनाचाच प्रकार का?

चाळीतला_कांदा:
तोच. दाणा सुका असला तरी जिवंत असतो, हळू का होईना श्वसन करतो, शिवाय त्यातले किडे आणि बुरशी. ज्वारी जरा ओली राहिली तर भरपूरच करतो. बंद पेवात ऑक्सिजन संपत जातो, सीओटू वाढतो, आणि सीओटू हवेपेक्षा जड म्हणून तळाशी बसतो. ऑक्सिजन संपल्याने किडे मरतात, त्यामुळे धान्य टिकतं, आणि त्याच कारणाने घाईने उतरलेला माणूस पण मरतो. फक्त कंदिलावर विसंबू नका, जुन्या विहिरीत किंवा मैलाटाकीत दुसरे वायू असतात, तिथे तर पेटता कंदील सोडणंच धोक्याचं.

आमचा कांद्याचा धंदा आहे, आमचं सगळं नुकसानच श्वसन आहे म्हणा. चाळीत भरलेला कांदा काही महिन्यांनी वजनाला कमी भरतो, त्यातलं बरंच पाणी उडालेलं असतं पण काही भाग कांद्याने स्वतःचीच साखर खाल्लेली असते. त्यात उष्णता सुटते, म्हणून चाळीला खालून-बाजूने हवा लागते, थर जास्त उंच लावला की मधला कांदा तापतो आणि सडायला लागतो. द्राक्षवाले तर तोडणीनंतर माल लगेच प्रीकूलिंगला नेतात, थंड केलं की श्वसन मंदावतं, एवढंच.

दहावीचा_बाप:
मंडळी मनापासून आभार, धागा प्रिंट काढून वहीत लावलाय. मुलगी म्हणतेय हे घरी करून बघता येईल का, दाण्याचं तापणं?

बायोकेम_मावशी:
येईल की. दोन सारखे थर्मास घ्या. एकात मोड आलेली मटकी किंवा हरभरा, दुसऱ्यात तेच पण उकळून गार केलेले, आणि त्या उकळलेल्यांना थोडं जंतुनाशक लावा नाहीतर बुरशी धरून तेही तापतील आणि प्रयोगाचा बोऱ्या. दोन्हीत थर्मामीटर (तापाचा नको, लॅबचा साधा), तोंडाला कापूस, बूच घट्ट लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फरक दिसायला लागतो. वर चुन्याच्या निवळीची वाटी ठेवून झाकलं तर सीओटूपण दिसेल, निवळी दुधाळ होते. नंतरची मटकी उसळीला वापरू नका, टाकून द्या.